बॉम्ब मोजून झाले, आता फ्यूजविषयी बोलू

४ जून २०२५ रोजी जर्मनीतल्या कोलोन शहरात सुमारे साडेवीस हजार माणसांना सकाळीच घरे सोडावी लागली. ऱ्हाइनच्या पूर्वकाठच्या डॉइट्स भागात दुसऱ्या महायुद्धातले तीन अमेरिकन बॉम्ब सापडले होते. रुग्णालय रिकामे केले, वृद्धांना हलवले, शाळा आणि नदीवरचे पूल बंद केले. संध्याकाळी तिन्ही बॉम्ब निकामी झाल्याचे जाहीर झाले आणि शहर पुन्हा चालू लागले. अशी बातमी आली की आपल्याकडच्या चर्चेला दोन ठरलेले सूर लागतात. एक म्हणतो, ‘ऐंशी वर्षांनीही जिवंत! तेव्हाच्या वस्तू काय मजबूत असत.’ दुसरा म्हणतो, ‘तेव्हाचे तंत्र कच्चे होते म्हणून बॉम्ब फुसके निघाले, आता तसे होत नाही.’ जुलै २०२३ मध्ये अमेरिकेने युक्रेनला क्लस्टर गोळे, म्हणजे आतून अनेक छोटे बॉम्ब पसरवणारे तोफगोळे, द्यायचे ठरवले, तेव्हा हा दुसरा सूर थेट पेंटॅगॉनमधून ऐकू आला. आम्ही देतो त्या गोळ्यांत न फुटण्याचे प्रमाण २.३५ टक्क्यांहून जास्त नाही, रशियाच्या गोळ्यांत ते ३० ते ४० टक्के आहे, असे सांगितले गेले. विरोधकांनीही उत्तर टक्क्यांतच दिले: चाचणीच्या मैदानावरचा आकडा रणांगणावर टिकत नाही. आणि वाद तिथेच फिरत राहिला.

माझ्या मते या वादात दोन्ही बाजू भलतीच गोष्ट मोजत आहेत. बॉम्ब का फुटला नाही, एवढेच विचारून भागणार नाही. तो कोणासाठी थांबला आहे, हेही विचारायला हवे. त्याचे उत्तर बॉम्बच्या वजनात किंवा स्फोटकात सापडत नाही, ते फ्यूजमध्ये, म्हणजे स्फोट घडवून आणणाऱ्या यंत्रात, सापडते. माझी भूमिका आधीच स्पष्ट सांगतो. जो फ्यूज लक्ष्यासाठी नसून बॉम्ब निकामी करायला येणाऱ्या माणसासाठी बनवला जातो, आणि जो नेमून दिलेली मुदत संपल्यावरही मरत नाही, असे दोन्ही प्रकारचे फ्यूज विमानातून टाकायच्या बॉम्बमध्ये वापरायला स्पष्ट, नाव घेऊन केलेली आंतरराष्ट्रीय बंदी हवी. समुद्रातल्या सुरुंगांच्या बाबतीत जगाने हे तत्त्व १९०७ मध्ये मान्य केले. जमिनीतल्या सुरुंगांच्या बाबतीत त्याचा मोठा भाग १९९६ मध्ये मान्य झाला. आकाशातून पडणाऱ्या बॉम्बबाबत मात्र आपण अजून टक्केवारीवर भांडतो आहोत.

फ्यूज म्हटले की आपल्याला घरातला विजेचा फ्यूज आठवतो. त्याचा इथे संबंध नाही. सुरुंगाची वात हा जुना शब्द अर्थाला जवळचा आहे, कारण स्फोट कधी व्हायचा हे वात ठरवते. पण विसाव्या शतकातला फ्यूज ‘कधी’ यावर थांबत नाही. जमिनीला टेकताच फुटायचे की दोन मजले भेदून आत गेल्यावर, हवेतच फुटायचे की पाण्याखाली, लगेच की तीन दिवसांनी, आणि कोणी हात लावला तर काय करायचे, हे सगळे मुठीएवढ्या नळकांड्यात ठरलेले असते. १६-१७ मे १९४३ च्या रात्री ब्रिटिशांनी जर्मन धरणांवर टाकलेले बॉम्ब पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या फ्यूजमुळे सुमारे नऊ मीटर खोलीवर फुटले. तो फ्यूज नसता तर धरणापाशी नुसते पाणी उडाले असते. हिरोशिमावरचा बॉम्ब जमिनीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर फुटला, कारण त्याच्या फ्यूजमध्ये उंची मोजणारी रडार यंत्रे होती आणि जास्तीत जास्त विस्तारावर विध्वंस व्हावा म्हणून ती उंची हिशेब करून ठरवली होती. स्फोटकाला हेतू नसतो. कोणाला, कुठे आणि कोणत्या क्षणी मारायचे, हा माणसाचा निर्णय फ्यूजमध्ये गोठवलेला असतो. म्हणूनच बॉम्बफेकीच्या नैतिकतेवर बोलताना किती टन टाकले याचे आकडे देणारी पुस्तके मला नेहमी अपुरी वाटतात.

१९४० च्या उन्हाळ्याअखेर ब्रिटनवर पडणाऱ्या जर्मन बॉम्बमध्ये हे बदलणारे हेतू अक्षरशः महिन्यामहिन्याने वाचता येतात. जर्मन फ्यूज विजेवर चालत. राइनमेटाल कंपनीत हर्बर्ट र्‍यूलेमान यांनी विकसित केलेल्या या फ्यूजमध्ये बॉम्ब विमानातून सुटतानाच विद्युतभार भरला जाई. साधा आघाती, म्हणजे आपटल्यावर फुटणारा, फ्यूज न फुटता राहिला तर तो भार हळूहळू गळून जाई, आणि ब्रिटिश सॅपर मंडळींना, म्हणजे बॉम्ब निकामी करणाऱ्या लष्करी अभियंत्यांना, तो मुद्दाम काढून टाकायचे साधनही लवकरच मिळाले. मग आला १७ क्रमांकाचा फ्यूज. त्यात घड्याळ होते आणि ते जास्तीत जास्त ७२ तास चालवता येई. स्टेथोस्कोप लावून टिकटिक ऐकायची आणि आवाज आला तर पळायचे, असे ते काम. घड्याळ अडकून बंद पडलेले असले तरी खणताना बसलेल्या धक्क्याने ते पुन्हा चालू होई. त्यानंतर ५० क्रमांकाचा फ्यूज आला, तो बॉम्ब हलवला की फुटणारा. आणि २ सप्टेंबर १९४० रोजी वेल्समधल्या लँडार्सी तेलशुद्धीकरण कारखान्यात, जळत्या टाक्यांच्या धगीत, लेफ्टनंट बर्ट्रम आर्चर यांनी एक फ्यूज ओढून काढला तेव्हा त्याच्याखाली आणखी एक यंत्र बसवलेले दिसले. त्या यंत्राचे नाव होते झूस ४०. वरचा फ्यूज काढला की स्फोट घडवायचा, एवढेच त्याचे काम. त्या दिवशी आर्चर वाचले आणि ते यंत्र अभ्यासासाठी हाती लागले.

या यंत्राचे लक्ष्य काय होते, यावर जरा थांबून विचार करा. तेलाची टाकी नव्हे. तिच्यासाठी बॉम्ब होताच आणि त्याचा मुख्य फ्यूजही होता. धावपट्टी, पूल, तोफखाना यांपैकी काहीच नव्हे. झूस ४० चे लक्ष्य होते शांतपणे, हाताने, दुसऱ्यांचे घर वाचावे म्हणून काम करणारा एक माणूस. जानेवारी १९४३ मध्ये लंडनवर पडलेल्या बॉम्बमध्ये तर याहून पुढचा टप्पा दिसला. ब्रिटिशांनी ‘वाय’ असे नाव दिलेला हा फ्यूज बाहेरून ओळखीचा, साधा दिसे. आत बॅटऱ्या आणि पाऱ्याचे स्विच होते. आधीच्या सगळ्या युक्त्या ब्रिटिशांना कळल्या आहेत हे गृहीत धरून, त्याच युक्त्या वापरणाऱ्याला मारण्यासाठी तो बनवला होता. ब्रिटिश लष्करी अधिकारी जॉन हडसन यांनी द्रवरूप प्राणवायूने बॅटऱ्या गोठवून त्याच्यावर मात केली. त्याआधी, १२ मे १९४१ रोजी, लंडनजवळच्या एरिथच्या दलदलीत बॉम्ब निकामी करण्याचे काम करणारे ब्रिटिश सरदार, सफोकचे अर्ल चार्ल्स हॉवर्ड, त्यांच्या सचिव आयलीन मॉर्डन, चालक फ्रेड हार्ड्स आणि काही सॅपर एका बॉम्बवर काम करताना मारले गेले. मॉर्डन यांचे काम नोंदी घेण्याचे होते. अर्ल काय करत आहेत ते पायरीपायरीने त्या लिहून घेत, म्हणजे काही बरेवाईट झाले तर पुढच्या माणसाला कोणत्या पायरीवर थांबायचे ते कळावे. वही घेऊन उभ्या असलेल्या त्या बाईंना मारणारा फ्यूज कोणत्या लष्करी गरजेत बसतो?

इथे वाचकाच्या मनात आक्षेप उभा राहणार आणि तो हलका नाही. उशिरा फुटणारा बॉम्ब हे काही केवळ क्रौर्याचे शस्त्र नाही, असे लष्करी अभ्यासक सांगतात आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. अगदी खालून उडणाऱ्या विमानाने टाकलेला बॉम्ब टेकताक्षणी फुटला तर ते विमानच त्यात सापडते. काही सेकंदांचा उशीर वैमानिकाला वाचवतो. काँक्रीटचे छत भेदायचे असेल तर सेकंदाच्या अंशाचा उशीर हवाच. तासांचा उशीरही समजण्यासारखा आहे. रेल्वे यार्डात दहा बॉम्ब लगेच फुटले आणि दोन थांबले, तर रुळांची दुरुस्ती दोन दिवस अडते. यावरचा सर्वांत जोरकस युक्तिवाद असा: थांबणारा बॉम्ब माणसांना निघून जायला वेळ देतो. कारखाना बंद पडतो, पण कामगार मरत नाहीत. मग लगेच फुटणाऱ्या बॉम्बपेक्षा हा अधिक माणुसकीचा नव्हे काय?

या युक्तिवादातला खरा भाग मी मान्य करतो. सेकंदाच्या अंशाच्या किंवा काही सेकंदांच्या उशिरावर माझा आक्षेप नाही. तासांच्या उशिराला लष्करी कारण असू शकते, हेही कबूल. पण मग दोन गोष्टींचे उत्तर मिळायला हवे. उद्देश कारखाना दोन दिवस बंद ठेवण्याचा असेल, तर तिसऱ्या दिवशी बॉम्ब एक तर फुटला पाहिजे, नाहीतर कायमचा मेला पाहिजे. तशी तजवीज का नाही? आणि फ्यूज काढायला येणाऱ्याला मारणारे वेगळे यंत्र त्यात का आहे? ‘त्याशिवाय शत्रू बॉम्ब लगेच निकामी करेल’ असे उत्तर येईल. येऊ द्या. मग हे शस्त्र माणसांना निघून जायला वेळ देते ही बढाई सोडावी लागते, कारण शहरात कोणीतरी परत येतोच. रुग्णालयाच्या अंगणात, पाण्याच्या मुख्य नळावर पडलेला बॉम्ब कोणीतरी उचलावाच लागतो. ‘निघून जा’ हा पर्याय ज्याच्यापाशी आहे तो जातो. ज्याच्यापाशी नाही, तो खणतो.

तो कोण होता, हे पाहण्यासाठी पुन्हा कोलोनच्या डॉइट्समध्ये जाऊ. थांबणारे फ्यूज ही फक्त जर्मनांची गोष्ट नव्हती. ब्रिटिशांच्या ३७ क्रमांकाच्या फ्यूजमध्ये आणि अमेरिकनांच्या त्याच धर्तीच्या फ्यूजमध्ये एका कुपीत अ‍ॅसिटोन असे. बॉम्ब टाकल्यावर कुपी फुटे, अ‍ॅसिटोन सेल्युलॉइडची चकती विरघळवू लागे आणि ती पुरेशी मऊ झाली की अडकवलेली पिन सुटे. हा उशीर काही तासांपासून १४४ तासांपर्यंत, म्हणजे सहा दिवसांपर्यंत ठेवता येई. फ्यूज उलटा फिरवून काढायला गेले तर स्फोट व्हावा अशी योजनाही त्यात असे. असे बॉम्ब जर्मन शहरांवर पडू लागल्यावर ते खणून काढायला नाझींनी कोणाला पाठवले? छळछावण्यांतल्या कैद्यांना. डाखाउचे कैदी म्युनिकमध्ये, नॉयनगामचे हांबुर्ग आणि ब्रेमेनमध्ये. १९४२ च्या शरद ऋतूपासून बुखेनवाल्डचे शेकडो कैदी कोलोनमध्ये होते. त्यांची छावणी डॉइट्सच्या प्रदर्शन-मैदानावरच्या इमारतींत होती. पोलंड आणि सोव्हिएत संघातली ही माणसे ढिगारे उपसत आणि न फुटलेले बॉम्ब खणून काढत. त्यांच्यापाशी स्टेथोस्कोप नव्हता, वही घेऊन उभी राहणारी सचिव नव्हती, नकार देण्याची सोय तर नव्हतीच. ज्यांच्या सुटकेसाठी आपण लढतो आहोत असे दोस्त राष्ट्रे जगाला सांगत होती, तीच माणसे त्या फ्यूजपुढे उभी होती. शत्रूचा तंत्रज्ञ मरावा म्हणून बसवलेल्या यंत्राला समोरचा माणूस तंत्रज्ञ आहे की कैदी, हे कळायला मार्ग नव्हता. ‘नाझींनी सुरुवात केली, त्यांना त्यांच्याच नाण्यात परत मिळाले’ असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की ते नाणे नाझींच्या हातात कधी पोहोचलेच नाही. ते वाटेतच त्यांच्या कैद्यांच्या हातात पडले. यात दोस्तांच्या आणि नाझींच्या पापाची बरोबरी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. कैद्यांना बॉम्बपुढे ढकलण्याचा गुन्हा नाझींचाच. पण फ्यूज बनवणाऱ्याने आपला बळी कोण असेल यावरचा ताबा आधीच सोडून दिला होता, हे त्यामुळे खोटे ठरत नाही.

आणि मुदतीचे काय? १४४ तासांचा फ्यूज १४४ तास थांबतो, असे कागदावर. बर्लिनच्या उत्तरेला ओरानियनबुर्ग हे गाव आहे. तिथे आउअर कंपनीचा युरेनियमवर प्रक्रिया करणारा कारखाना होता. १५ मार्च १९४५ च्या दुपारी अमेरिकेच्या सहाशेहून जास्त विमानांनी तिथे दीड हजार टनांहून अधिक बॉम्ब टाकले आणि त्यांतल्या मोठ्या भागात रासायनिक उशिराचे फ्यूज होते. गावाखालची जमीन वर मऊ वाळू आणि खाली कठीण खडी अशी आहे. बॉम्ब वाळूत घुसले, खडीवर आपटून वळले आणि कित्येक नाक वर करून थांबले. त्यामुळे अ‍ॅसिटोन चकतीपासून दूर वाहून गेले. चकती विरघळली नाही. ती बाष्पाने आणि वयाने वर्षानुवर्षे झिजत राहिली. म्हणजे फ्यूज बंद पडलेला नाही, तो अजून चालूच आहे, फक्त फार सावकाश. असे बॉम्ब कोणीही हात न लावता, एखाद्या शांत दिवशी, आपोआप फुटू शकतात. १ जून २०१० रोजी ग्योटिंगेनमध्ये अशाच प्रकारच्या फ्यूजचा बॉम्ब निकामी करण्याची तयारी चालू असताना फुटला आणि बॉम्बनाशक पथकातले तीन अनुभवी कर्मचारी ठार झाले. २८ ऑगस्ट २०१२ रोजी म्युनिकच्या श्वाबिंग भागात २५० किलोचा बॉम्ब निकामी करता येईना, म्हणून तो वस्तीतच उडवावा लागला. काचा फुटल्या, आगी लागल्या. कोलोनमध्ये २०२५ साली सापडलेल्या तीन बॉम्बपैकी दोन या दोन्हींपेक्षा मोठे होते, तरी तिन्ही एका दिवसात निकामी झाले. कारण त्यांच्यात साधे आघाती फ्यूज होते. वजन जास्त, धोका आटोक्यातला. म्हणून म्हणतो, किलो मोजू नका.

आपल्याकडे दिवाळीत प्रत्येक मुलाला एक गोष्ट बजावून सांगितली जाते: न फुटलेल्या फटाक्यापाशी जाऊ नकोस. हे शहाणपण सांगणारी आजी त्या फटाक्यामागे कोणाचा हेतू आहे असे समजत नाही. दारू सर्दावली असेल, वात विझली असेल. युद्धातल्या बॉम्बलाही आपण हाच ‘फुसका’ शब्द लावतो आणि तिथेच फसतो. त्या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात: जो बिघाडामुळे फुटला नाही तो, ज्याची वेळ अजून आलेली नाही तो, आणि जो हात लागण्याची वाट पाहतो आहे तो. पहिली चूक आहे. दुसरी आणि तिसरी योजना आहे.

चूकही होते, हे अर्थातच खरे. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाचे वैमानिक ब्रिटिश क्षेपणास्त्रे टाळण्यासाठी इतक्या खालून आले की त्यांचे बॉम्ब फ्यूज सज्ज होण्याआधीच जहाजांवर आदळले. कित्येक जहाजे त्यामुळेच वाचली. २३ मे रोजी ‘अँटिलोप’ या ब्रिटिश युद्धनौकेमध्ये अडकलेला असाच एक बॉम्ब निकामी करताना स्टाफ सार्जंट जेम्स प्रेस्कॉट मारले गेले आणि दुसऱ्या दिवशी जहाज बुडाले. तिथे कोणी सापळा लावला नव्हता. लाओसमध्ये १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने टाकलेल्या सुमारे २७ कोटी छोट्या क्लस्टर बॉम्बपैकी अंदाजे ८ कोटी फुटले नाहीत. शेतात, बांबूच्या बनात ते आजही सापडतात आणि मुले ते चेंडू समजून उचलतात. तिथेही बहुतांश दोष बिघाडाचा. मग टक्केवारीवाल्यांचे बरोबर नाही का? बिघाड कमी करा, प्रश्न सुटला?

नाही सुटत. आधी साधा हिशेब करू. १५५ मिलिमीटरच्या एका जुन्या क्लस्टर गोळ्यात ८८ छोटे बॉम्ब असतात. २.३५ टक्के हा आकडा जसाच्या तसा खरा धरला तरी प्रत्येक गोळा सरासरी दोन जिवंत बॉम्ब मागे ठेवतो. गोळे हजारांनी डागले जातात. शेतकऱ्याच्या बांधावर टक्केवारी पडत नाही, बॉम्ब पडतो. पण त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. टक्केवारी हा निकष धरला की १७ क्रमांकाचा घड्याळी फ्यूज आणि झूस ४० ही दोन्ही उत्तम शस्त्रे ठरतात. ती आपले काम चोख करत, त्यांचे बिघाडाचे प्रमाण कमी असले तर अधिकच उत्तम. जो मोजमापाचा गज सर्वांत निर्दय यंत्राला सर्वांत जास्त गुण देतो, तो गज आपण नैतिक चर्चेत का वापरतो आहोत?

याला पर्यायी गज नव्याने शोधायची गरज नाही. १८ ऑक्टोबर १९०७ रोजी हेगमध्ये झालेल्या आठव्या करारात समुद्री सुरुंगांविषयी तीन नियम झाले. नांगर न टाकलेला सुरुंग, टाकणाऱ्याचा ताबा सुटल्यापासून जास्तीत जास्त एका तासात निरुपद्रवी झाला पाहिजे. नांगरलेला सुरुंग दोर तुटताच निरुपद्रवी झाला पाहिजे. आणि टॉर्पेडोचा नेम चुकला तर तो टॉर्पेडोही निरुपद्रवी झाला पाहिजे. किती साधे, किती स्वच्छ तत्त्व! शस्त्राने आपल्या लक्ष्यासाठी जगावे, लक्ष्य हुकले की मरावे. त्या काळी विमानातून बॉम्ब टाकण्याची पद्धतच नव्हती. १९११ मध्ये लिबियात इटालियन वैमानिकाने हाताने बॉम्ब टाकले तेव्हा ती सुरू झाली. म्हणजे हे तत्त्व विमानबॉम्बला लावण्याचा विचार तेव्हा कोणी केला नाही, याचा दोष १९०७ च्या मंडळींना देता येणार नाही. त्यानंतरच्या शतकभराला मात्र देता येतो.

जमिनीवर तरी काय झाले? ३ मे १९९६ रोजी पारंपरिक शस्त्रांविषयीच्या कराराचा सुधारित प्रोटोकॉल दोन, म्हणजे सुरुंग आणि सापळ्यांविषयीचा जोडकरार, संमत झाला. सुरुंगशोधक यंत्र जवळ आले की फुटेल असा सुरुंग, सापळा किंवा तत्सम साधन वापरायला त्याने बंदी घातली. म्हणजे शोधणाऱ्याला मारण्यासाठी बनवलेले यंत्र बेकायदा. सुरुंग स्वतःहून निष्क्रिय झाल्यानंतरही ज्याचे हात लावताच फुटणारे यंत्र जिवंत राहते, तोही बेकायदा. २००८ च्या क्लस्टर बॉम्बविरोधी करारातही शस्त्र कोणत्या वर्गात मोडते हे ठरवताना, इतर अटींबरोबर, त्यात स्वतःला नष्ट करणारी आणि स्वतःला निष्क्रिय करणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आहे का हे पाहिले जाते. कायद्याने फ्यूज वाचायला सुरुवात केली आहे. चर्चा अजून वजनात आणि टक्क्यांत अडकली आहे.

मग उरले काय, असे कायदेपंडित विचारतील. बॉम्बमध्ये बसवलेले झूस ४० सारखे यंत्र हा ‘बूबी ट्रॅप’च नव्हे का? यावर वाद घालता येतो, आणि तीच अडचण आहे. प्रोटोकॉलच्या व्याख्येतला बूबी ट्रॅप वरकरणी निरुपद्रवी दिसणाऱ्या वस्तूला हात लावला, किंवा सुरक्षित वाटणारी कृती केली की अनपेक्षितपणे फुटतो. अर्धवट गाडलेला पाचशे किलोचा बॉम्ब कोणाला निरुपद्रवी वाटतो? उशिराने आपोआप फुटणाऱ्या ‘इतर साधनां’ची व्याख्या आहे, पण ती हाताने ठेवलेल्या साधनांपुरतीच. विमानातून टाकलेला सुरुंग कायद्यात येतो. विमानातून टाकलेला, हलवताच फुटणारा बॉम्ब सुरुंग आहे की बॉम्ब, यावर दोन वकील दोन मते देतील. ज्या प्रश्नावर माणूस मरतो त्याचे उत्तर वकिलाच्या कौशल्यावर सोडू नये.

दुसरा आक्षेप व्यवहारी मंडळींचा. बडी राष्ट्रे असल्या बंद्या पाळतात कुठे? अमेरिका, रशिया, चीन, भारत, पाकिस्तान यांपैकी कोणीही क्लस्टर बॉम्बविरोधी करारात नाही. मार्च २०२५ मध्ये तर लिथुआनिया त्यातून बाहेर पडला. हे खरे आहे आणि चिंतेचे आहे. पण ही पाचही राष्ट्रे सुधारित प्रोटोकॉल दोनमध्ये आहेत. सुरुंगांचा वापर थांबवायला जी राष्ट्रे तयार झाली नाहीत, त्यांनीही शोधणाऱ्याला मारणाऱ्या सुरुंगाचा वापर थांबवायला मान्यता दिली. कारण त्यात त्यांना लष्करीदृष्ट्या फारसे गमवायचे नव्हते, आणि सफाई करणारे हात उद्या आपलेही असतील हे प्रत्येक सेनापतीला ठाऊक असते. मी मागतो आहे ती बंदी याच जातीची आहे. बॉम्ब टाकू नका असे तिच्यात नाही. तशी मागणी करणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण ती मान्य होईपर्यंत जे खणत आहेत त्यांचे काय?

स्वतःहून निष्क्रिय होणारे फ्यूजही बिघडतात, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. निष्क्रिय झालेला बॉम्बही शेवटी शेकडो किलो स्फोटक असते. त्यापाशी कुदळ घेऊन कोणी जाऊ नये. पण घड्याळ, रसायन आणि ताणलेली स्प्रिंग यांवर चालणारा फ्यूज आणि विजेवर चालणारा फ्यूज यांत मूलभूत फरक आहे. विजेचा साठा कधीतरी संपतो. र्‍यूलेमान यांच्या पहिल्या फ्यूजमधला विद्युतभार गळून जात असे, ती त्या रचनेतली सुरक्षितता होती. पुढच्या फ्यूजमध्ये त्यावर मात करण्यासाठी मुद्दाम कष्ट घेतले गेले. तंत्राला थांबायचे माहीत होते. त्याला थांबू दिले गेले नाही.

हा प्रश्न जर्मनांचा आणि लाओसवासीयांचा, आपला नव्हे, असे वाटत असेल तर पुण्याच्या नकाशावर बोट ठेवून पाहावे. संरक्षण संशोधनाची शस्त्रास्त्र प्रयोगशाळा पाषाणला आहे आणि फ्यूजची रचना हा तिच्या कामाचा भाग आहे. दारूगोळ्याचा कारखाना खडकीला आहे. लष्करी अभियंते दापोडीला शिकतात. फ्यूज कागदावर उतरतो तेही इथेच आणि उद्या कुठे तरी तो उकरून काढायला जाणारा अभियंताही इथेच तयार होतो. दोघांची घरे कदाचित एकाच पेठेत असतील. आणि वर्धा जिल्ह्यात पुलगाव दारूगोळा भांडाराजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण गेले, त्यांत रोजंदारीवरचे मजूर होते. तिथे शत्रू नव्हता, सापळा नव्हता. तरी स्फोटकापाशी शेवटी कोणाचे हात पोहोचतात, हे त्या दिवशी पुन्हा दिसले.

म्हणून भारताने या प्रश्नात बघ्याची भूमिका सोडावी, असे मला मनापासून वाटते. युद्धानंतर मागे राहिलेल्या स्फोटकांविषयीच्या पाचव्या प्रोटोकॉललाही आपण मान्यता दिलेली आहे; लढाई संपल्यावर न फुटलेला दारूगोळा साफ करण्याची जबाबदारी त्यात मान्य केलेली आहे. जे साफ करायचे आपण कबूल केले, ते साफ करणाऱ्यालाच मारण्यासाठी बनवलेले नसावे, हे त्यापुढचे सरळ पाऊल. या करारांच्या सदस्य राष्ट्रांच्या बैठका जिनिव्हात दरवर्षी होतात. तिथे मांडायचा प्रस्ताव एका पानात बसेल: विमानातून टाकायच्या बॉम्बमध्ये निकामी करणाऱ्याला मारण्यासाठी बसवलेले यंत्र नसेल, तासांच्या उशिराचा फ्यूज ठरलेल्या मुदतीनंतर आपोआप मरेल, आणि ‘इतर साधनां’च्या व्याख्येतली ‘हाताने ठेवलेली’ ही अट काढून टाकली जाईल.